वॉर्डाच्या दारावर नर्सचा आकडा लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी असो की खासगी, मराठवाड्यातल्या कुठल्याही दवाखान्याची तक्रार निघाली की "सिस्टर नीट बोलत नाहीत" हे वाक्य तिच्यात असतेच. तक्रार खोटी नाही. सेनगाव किंवा माहूरकडून रात्री गाडी करून पेशंट आणलेल्या माणसाला दारातच तुटक उत्तर मिळाले, तर त्याचे मन दुखणारच. पण तक्रारी वाढल्या की नर्सना गोड बोलायचे प्रशिक्षण दिले जाते, आणि प्रशिक्षणाहून परतलेली नर्स पुन्हा त्याच वॉर्डात, तेवढ्याच पेशंटांसमोर एकटी उभी राहते. वॉर्डात आणि परिचर्या शाळेत वर्षानुवर्षे काम केलेल्या आम्ही काही जणी हे पत्र लिहितो आहोत ते एवढ्यासाठी, की पेशंटशी चार शब्द बोलायला मिनिटे लागतात, आणि ती मिनिटे कुठे जातात हे बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

एक साधे इंजेक्शन घेऊ. सेफ्ट्रियाक्झोन १ ग्रॅम, जंतुसंसर्गावरचे प्रतिजैविक. मेडिसिन असो की सर्जरी, हे रोज डझनावारी द्यावे लागते. केस पेपर बघायचा. पेशंटला नाव विचारायचे, खाटेच्या नंबरावर विसंबायचे नाही, कारण रात्रीतून खाटा बदललेल्या असतात. ॲलर्जी विचारायची, व्हायलवरची (औषधाच्या बाटलीवरची) तारीख बघायची. १० मिलि स्टराइल वॉटर घालून पावडर पूर्ण विरघळू द्यायची. हात अल्कोहोल रबने २० ते ३० सेकंद चोळायचे. इंट्राकॅथची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा लाल झाली आहे का, सुजली आहे का, ते बोटाने दाबून बघायचे. आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) चालू असेल तर ती थांबवून लाइन नॉर्मल सलाइनने धुवायची, कारण आरएलमधले कॅल्शियम आणि हे औषध एकत्र आले की साका बसतो. मग औषध २ ते ४ मिनिटे घेत सावकाश सोडायचे, पुन्हा फ्लश करायचे, सुई हब कटरमध्ये (सुई कापणाऱ्या यंत्रात) घालायची, चार्टवर वेळ टाकून सही करायची. घाई न करता हे ७ मिनिटांचे काम आहे. रात्री १० च्या डोसला अशी १८ इंजेक्शने असली तर १२६ मिनिटे झाली, म्हणजे दोन तासांच्या वर. तेवढ्यात एक ॲडमिशन येते, कुणाची सलाइन संपते, कुणाची लघवी अडकते, आणि एखादा नातेवाईक तिसऱ्यांदा विचारायला येतो की डॉक्टर कधी येणार.

अशा वेळी काम एका ठरावीक क्रमाने गळत जाते. सगळ्यात आधी बोलणे गळते. "आजी, थोडे दुखेल हं, हात सैल सोडा" एवढे म्हणायला तीन-चार सेकंद पुरतात, पण त्यासाठी मान वर करून आजींकडे बघावे लागते, आणि बघितले की आजी काहीतरी विचारणार हे नर्सला ठाऊक असते. म्हणून ती बघतच नाही. मग हात चोळणे गळते. मग तीन मिनिटांत जाणारे औषध वीस सेकंदांत जाते, शीर जळते, पेशंट ओरडतो, दुसऱ्या दिवशी शीर सुजून नवी इंट्राकॅथ घालावी लागते आणि वाचवलेल्या मिनिटांच्या दुप्पट वेळ तिथे जातो. शेवटी सगळी इंजेक्शने एकदम भरून ट्रेमध्ये ठेवली जातात. नाव न लिहिलेल्या दोन सिरिंज शेजारी-शेजारी पडल्या की चुकीचे औषध चुकीच्या माणसाला जायला वेळ लागत नाही. तेव्हा नर्सचे बोलणे तुटक झाले असेल, तर पुढच्या चुका रांगेत उभ्या आहेत असे समजावे. ज्या वॉर्डाबद्दल तक्रारी जास्त, तिथे आधी ड्युटीचा तक्ता तपासावा, स्वभाव नंतर.

आता तक्त्याचा हिशेब. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात ३ खाटांमागे १ नर्स हवी, म्हणजे प्रत्येक पाळीत ९ खाटांमागे एक. इतर रुग्णालयांत ५ खाटांमागे १, म्हणजे पाळीत १५ ला एक. अतिदक्षता विभागात खाटेमागे एक, म्हणजे पाळीत तिघांना एक. यावर रजेसाठी ३० टक्के जास्तीच्या जागा. ३० खाटांच्या वॉर्डाला १० अधिक ३ अशा १३ नर्स झाल्या. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा आणि ८ किरकोळ रजा वजा केल्या की एक नर्स २७५ दिवस हाती येते. १३ जणी असल्या तर रोज सरासरी ९.८, म्हणजे सकाळी ४, दुपारी ३, रात्री ३. काम होते आणि बोलायलाही वेळ मिळतो. जागा १३ मंजूर असून भरलेल्या ८ असतील तर रोज ६ जणी मिळतात. आठातली एक १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर गेली, की पाचाच्या थोड्या वर. रात्री एकटी नर्स दिसते ती इथून. यात आजारपण, सणाच्या सुट्ट्या, निवडणुकीची ड्युटी, लसीकरणाची मोहीम काहीच धरलेले नाही. शिवाय मंजुरी खाटांवर मिळते आणि काम पेशंटांवर असते. ३० खाटांच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून ५० पेशंट ठेवले, तर त्या २० जणांसाठी कागदावर एकही नर्स नसते.

ग्रामीण रुग्णालयाचा हिशेब आणखी सोपा आहे. एका जागी चोवीस तास एक नर्स उभी राहायची तर वर्षाला १०९५ पाळ्या भरतात, आणि त्याला ४ नर्स लागतात. वॉर्ड आणि प्रसूतिगृह अशा दोनच जागा धरल्या तरी आठ झाल्या. बाळंतपण झाल्यावर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी गर्भाशय घट्ट आहे का आणि रक्तस्राव किती होतो आहे हे हात लावून बघावे लागते. ती नर्स त्या वेळात वॉर्डात सलाइन बदलायला गेली, की बाळंतिणीचा जीव दैवाच्या हवाली झाला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले आणि त्यांत १२ नवजात बाळे होती, तेव्हा अख्ख्या राज्याचे लक्ष इकडे लागले. अशा घटनेनंतर काही दिवस मनुष्यबळाची चर्चा होते आणि मागे पडते. नर्सनी मात्र हा विषय सोडलेला नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या, त्यात कंत्राटी भरती नको ही मोठी मागणी होती. एकाच वॉर्डात, एकाच ट्रेवर काम करणाऱ्या दोघींपैकी कायम अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होते आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी नर्सचे एकत्रित मानधन २०,००० च्या आसपास असते. लातूर, बीड, नांदेडच्या परिचर्या शाळांतून शिकून निघालेल्या मुली पुण्या-मुंबईला आणि पुढे आखातात जातात, त्याला पगार हे एक कारण आहेच. पण पगार ठरतो मंत्रालयात. दवाखान्याच्या पातळीवर, अधिसेविका (नर्सच्या प्रमुख) आणि अधीक्षकांच्या सहीने, फारसा पैसा न लागता करता येण्यासारखे बरेच आहे.

पहिली गोष्ट ड्युटी लिस्टची. पुष्कळ ठिकाणी ती शनिवारी संध्याकाळी लागते आणि रविवारपासून चालू होते. घरी लहान लेकरू, सासू आजारी, नवरा दुसऱ्या गावी. अशा बाईला आठवड्याचा काहीच अंदाज नसतो. लिस्ट १५ दिवस आधी लागावी. इनचार्ज सिस्टरकडे विनंतीची वही असावी आणि महिन्याला प्रत्येकीच्या दोन विनंत्या शक्यतो पाळाव्यात. पाळ्या सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने फिरवाव्यात. शरीराला झोप पुढे ढकलणे जमते, मागे ओढणे जमत नाही. सलग सात नाइट लावण्यापेक्षा तीन किंवा फार तर चार लावाव्यात. पाचव्या-सहाव्या रात्री माणूस डोळे उघडे ठेवून चुका करतो, आणि नाइट अनेक ठिकाणी बारा तासांची असते. सगळ्यात मोठा अन्याय नाइट ऑफमध्ये होतो. सकाळी आठला नाइट संपवून नर्स घरी गेली, की तोच दिवस तिचा ऑफ म्हणून मांडतात. तो दिवस झोपण्यात जातो, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ड्युटी. ऑफ म्हणजे झोप काढून झाल्यानंतरचा पूर्ण दिवस. डबल ड्युटी झाली तर बदली सुट्टी त्याच महिन्यात द्यावी. "नंतर बघू" म्हणून वहीत साठलेल्या सुट्ट्या कुणाला मिळाल्याचे क्वचितच दिसते.

दुसरी गोष्ट नव्या मुलींची. नोकरी सोडणाऱ्यांत पहिल्या वर्षातल्याच पुष्कळ असतात. जीएनएमची (नर्सिंग पदविकेची) परीक्षा पास झालेली बावीस वर्षांची मुलगी रुजू होते आणि आठव्या दिवशी तिला एकटीला नाइट लागते. ऑक्सिजनचे सिलिंडर बदलायची चावी कुठे आहे हे तिला माहीत नसते, सक्शन मशीन तिच्या हातून कधी चालू झालेले नसते, पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलि ॲम्प्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात आणि ते थेट शिरेत गेले तर हृदय थांबते, हे तिने पुस्तकात वाचलेले असते पण ॲम्प्युल हातात घेऊन कुणी दाखवलेले नसते. पहिले दोन आठवडे तिला मोजणीत धरू नये, ती जास्तीची असावी. एका ठरलेल्या सीनियर सिस्टरच्या पाळीला तिची पाळी बांधावी, आणि त्या सीनियरकडे त्या काळात दोन पेशंट कमी द्यावेत; नाहीतर शिकवणे हे तिच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे होते आणि ती चिडते. क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषध-साधनांच्या गाडीचा) प्रत्येक कप्पा, रक्त चढवताना पहिली १५ मिनिटे खाटेशी थांबणे, फोन करून डॉक्टरला पेशंटची स्थिती कशी सांगायची, ही कामे करून दाखवली अशी दोघींची सही झाल्याशिवाय तिला एकटीला नाइट देऊ नये. मग महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी अधिसेविकांनी तिला समोर बसवून "काय जड जाते?" एवढे विचारावे. राजीनामा आल्यावर विचारून उपयोग नसतो.

सुई टोचल्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण इथे नर्सचा स्वतःचा जीव गुंतलेला असतो आणि इथेच तिला सगळ्यात जास्त अपमान सहन करावा लागतो. वापरलेली सुई टोचली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचे नाही. लगेच कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) कळवायचे. पेशंटचे आणि नर्सचे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी साठी रक्त तपासायचे. एचआयव्हीविरोधी औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा, ७२ तासांनंतर तो सुरू करून उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. एचआयव्हीचा धोका हजारात तीन इतका असतो. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका मात्र शंभरात तीसपर्यंत जातो, आणि लोक घाबरतात ते फक्त एचआयव्हीला. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन डोसांची आहे. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) तपासून तो १० च्या वर आहे का बघायचे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ही लस देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे, मुलीने स्वतःच्या पैशाने घ्यायची गोष्ट नव्हे.

प्रत्यक्षात काय बिघडते? औषधे कुलुपात असतात आणि चावीवाला सकाळी येतो. सुई टोचते रात्री तीनला. आणि कळवायला गेलेल्या मुलीला पहिला प्रश्न येतो, "लक्ष कुठे होते तुझे?" एकदा असे ऐकले की दुसऱ्यांदा ती सांगत नाही, घरी जाऊन नवऱ्यालाही सांगत नाही, तीन महिने एकटी झुरत राहते. पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्यांचे पाकीट कॅज्युअल्टीत चोवीस तास हाताशी असावे आणि कळवणाऱ्या नर्सला दोष द्यायचा नाही असा लेखी आदेश भिंतीवर लागावा. बहुतेक वेळा सुई टोचते ती टोपण पुन्हा लावताना, किंवा डबा भरून वर आलेला असताना. तीन-चतुर्थांश भरला की डबा बदलायचा हे काम कुणाचे, ते नावानिशी ठरलेले हवे.

नर्सचे नसलेले काम तिच्याकडून काढून घेणे, हा मिनिटे मिळवण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता. औषध भांडारातून इंडेंट (मागणी केलेला माल) आणणे, चादरी मोजून धोब्याला देणे, रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेपर्यंत चालणे, जन आरोग्य योजनेचे कागद जुळवणे, संगणकावर तेच आकडे दुसऱ्यांदा भरणे. एका वॉर्डात आठवडाभर दर तासाला पाच मिनिटे कुणी वही घेऊन बसले, तर यात पाळीचा किती वेळ जातो ते कुणालाही मोजता येईल. वॉर्डाला एक लिपिक आणि एक वॉर्डबॉय पूर्णवेळ दिला, तर तो नर्सपेक्षा स्वस्त पडतो. डेड स्टॉकची (नावावर नोंदलेल्या यंत्रसामानाची) भीतीही कमी करायला हवी. बीपीचे यंत्र हरवले तर वसुली आपल्याकडून होईल या धास्तीने इनचार्ज सिस्टर यंत्रे कपाटात कुलपात ठेवते आणि वॉर्डात एकच फिरत राहते.

सुरक्षेबद्दल लिहिताना अरुणा शानबाग यांची आठवण येतेच. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तळघरात कपडे बदलायला गेलेल्या या नर्सवर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, जवळपास ४२ वर्षे, तिथल्या नर्सनी पिढ्यानपिढ्या तिला अंथरुणात सांभाळले. दोन-दोन तासांनी कूस बदलणे, मऊ अन्न भरवणे, त्वचा कोरडी ठेवणे. माणुसकीची शुश्रूषा म्हणजे काय, हे त्याहून वेगळे सांगायची गरज नाही. आणि त्याच नर्सना आज कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली मिळते का, हे आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन बघावे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, टाकीत पाणी नसते, आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला म्हणून नर्स पाणीच पीत नाहीत. लघवीचे संसर्ग त्यातून होतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ पासून. नातेवाइकांनी हात उगारला तर राज्याच्या २०१० च्या कायद्यात नर्सही येते: गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पण फिर्याद नर्सने एकटीने ठाण्यात जाऊन द्यायची असे होऊ नये, ती संस्थेने द्यावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी गावातली माणसे मध्ये पडतात आणि तडजोडीच्या नावाखाली तिलाच गप्प बसवले जाते.

मृत्यूनंतरच्या दहा मिनिटांचेही तसेच. तीन वर्षांचे लेकरू गेले, आईने हंबरडा फोडला, आणि नर्सला लगेच शेजारच्या खाटेवरचे तापमान घ्यायचे असते. त्या पाळीतल्या सगळ्यांना इनचार्जने दहा मिनिटे एकत्र बसवावे, काय झाले ते एकदा बोलू द्यावे, पाणी-चहा द्यावा, तेवढा वेळ शेजारच्या वॉर्डातून एक नर्स उसनी घ्यावी. ज्यांना त्याहून जास्त आधार हवा त्यांच्यासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आहे. तो नर्सच्या खोलीत लावलेला असावा, फक्त ओपीडीत नको.

खासगी रुग्णालयांचा प्रश्न वेगळा आहे, पण टाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी नर्सच्या पगाराच्या शिफारशी केल्या: २०० खाटांच्या वर सरकारी नर्सइतका, १०० च्या वर असेल तर जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि ५० खाटांच्या आत निदान २०,००० रुपये. आपल्याकडच्या वीस-पंचवीस खाटांच्या अनेक दवाखान्यांत आजही नोंदणीकृत नर्सला त्याच्या जवळपासही मिळत नाही, आणि बारावी झालेल्या मुलीला ॲप्रन घालून "सिस्टर" म्हटले जाते. मुलगी सोडून जाऊ नये म्हणून मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्या डॉक्टरांना आमची हात जोडून विनंती आहे की ती परत द्यावीत. कागद अडकला म्हणून थांबलेली नर्स पेशंटकडे मनापासून बघणार नाही.

आता आमची एकच मागणी, आणि तिला नव्या शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक फळा लावावा. त्यावर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला खडूने तीन आकडे लिहावेत: खाटा किती, आज दाखल पेशंट किती, या पाळीला नर्स किती. नातेवाइकाने दारातच "३०, ५२, १" असे वाचले, तर तो सिस्टरला हाक मारताना थोडा थांबेल आणि लोकप्रतिनिधीला हाक मारताना थांबणार नाही. आणि आपल्या वार्ताहरांनी रुग्णालयातली कुठलीही दुर्घटना लिहिताना निलंबन कुणाचे झाले याच्या शेजारी त्या पाळीचे हे तीन आकडे छापावेत, अशी आपल्यालाही विनंती आहे.

कळावे,
आपल्या,
मराठवाड्यातील काही निवृत्त परिसेविका व पाठ्यनिर्देशिका